घोड्यावरून भाला-तलवार चालवायची आहे? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

ठाण्यात कौपिनेश्वरच्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत नाहीतर शिवजयंतीच्या मिरवणुकीत घोड्यावरचे मावळे बघितले की नंतर दोन-चार पोरं तरी विचारायला येतात, दादा आम्हाला पण करायचंय, नुसतं घोड्यावर बसून तलवार वर धरायची नाहीये, खरंच पळत्या घोड्यावरून भाला मारायचाय, सुरुवात कुठून करू. त्यांच्यासाठी सगळं एकदाच लिहून ठेवतोय. लांब झालंय, पण पूर्ण वाचा, कारण यातली एखादी पायरी गाळली की त्याचा त्रास आधी घोड्याला होतो आणि त्याला बोलता येत नाही.

क्रम असा: आधी मांड (घोड्यावरची पक्की बैठक), मग घोडा, हत्यार सगळ्यात शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, आधी ऑनलाइन तलवार मागवतात, मग ड्रेस शिवतात आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वरातीची घोडी भाड्याने आणतात.

पायरी १: कोण व्हायचंय ते ठरवा

मराठा घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळायचं, शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. शिवकाळात २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि प्रत्येक २५ घोड्यांमागे एक पखालजी (पाणी देणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) अशी व्यवस्था होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या ग्रुपमध्ये भालेकरी दहा असतात आणि घोड्याला पाणी कोण देणार, नाल ढिली झाली तर कोण बघणार याचा पत्ता नसतो. पहिल्या मीटिंगमध्येच पखालजी ठरवा, गंमत नाही करत.

काळ पण ठरवा, शिवकाळ की पेशवाई. त्यावर पगडी, अंगरखा, खोगीर सगळं बदलतं. अंगभर चिलखत घालायचा मोह बऱ्याच जणांना होतो पण मराठा स्वाराची ताकद हलकेपणात होती, १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला जेरीस आणलं ते अशाच हलक्या, वेगवान घोडदळाच्या जोरावर. साध्या स्वाराच्या रोलला जाड सुती अंगरखा शोभतो, आणि घोड्याच्या पाठीवरचं वजनही वाचतं.

पायरी २: हत्यारं ओळखा

ऑनलाइन फोटो बघून हत्याराचा अंदाज येत नाही. एक रविवार काढा, लोकलने सीएसएमटीला उतरा आणि फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रांचं दालन निवांत बघा. पात्याची लांबी, मुठीचा आकार, ढालीची जाडी नीट डोळ्यात भरून घ्या.

घोडेस्वाराचं मुख्य हत्यार भाला. बांबूचा दांडा, पुढे पोलादी फाळ. हलका, लवचिक, आणि स्वाराला पायदळापासून लांब ठेवणारा. घोड्याचा वेग भाल्यात उतरतो म्हणून हाताला फार जोर लावायचा नसतो, टोक नेमकं धरायचं असतं एवढंच. ही एक गोष्ट समजली की अर्धं काम झालं.

विटा म्हणजे दोरी बांधलेला छोटा भाला, फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा. दिसायला जबरदस्त आहे पण घोड्यावरून दोरी मनगटाला बांधून विटा फेकू नका, ती दोरी घोड्याच्या पायात गेली तर घोडा, तुम्ही, दोघंही जमिनीवर. विटा दाखवायचा असेल तर पायदळाच्या माणसाला द्या.

तलवारीत दोन प्रकार डोळ्यासमोर ठेवा. एक वाकडी तलवार, म्हणजे सामान्यपणे आपण जिला तलवार म्हणतो ती. वक्र पातं ओढत कापतं आणि पळत्या घोड्यावरून वार केल्यावर पटकन सुटून बाहेर येतं, अडकत नाही. वजन साधारण किलोच्या आसपास, फिल्मी तलवारींसारखं तीन-चार किलो अजिबात नाही. हिच्या मुठीच्या टोकाला जी गोल वाटी असते ती मनगट फार वाकू देत नाही, म्हणून वार कोपर आणि खांद्यातून येतो, आणि जे लोक मनगटाने गरागरा फिरवायला जातात त्यांचं मनगट लाल होतं. दुसरी धोप, लांब आणि सरळ पात्याची, बऱ्याचदा पातं युरोपातून आलेलं असायचं, त्या फिरंगी. लांबीमुळे घोड्यावरून खाली उभ्या माणसापर्यंत पोचते, आणि मुठीच्या मागे जो गज असतो तो गरज पडली तर दुसऱ्या हाताने धरता येतो. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून मिळवून परत आणलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार याच प्रकारातली, सरळ युरोपियन पातं आणि आपली मूठ.

दांडपट्टा २०२४ मध्ये महाराष्ट्राचं राज्यशस्त्र झाला तेव्हापासून सगळ्यांना पट्टाच पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की आजच्या कार्यक्रमात पट्टा जमिनीवरच ठेवा. कोपरापर्यंत लोखंडी खोबणी हातात घातलेली, पातं लांब, दुधारी आणि लवचिक, ते उलटून घोड्याच्या मानेवर किंवा पुठ्ठ्यावर (पाठीमागच्या भागावर) कधी येईल सांगता येत नाही, आणि पडलात तर हातातून लगेच सुटत पण नाही. जुन्या काळचे लोक घोड्यावरून चालवायचे, त्यांची आयुष्यं त्यात गेली होती.

ढाल लहान घ्या, हलकी. डाव्या हातात लगाम पण असतो हे विसरू नका, मोठी ढाल घेतली की ती लगामाला अडकते. काम नसेल तेव्हा पाठीवर अडकवा. कट्यार कमरेला शोभेची. तीरकमान करायची हौस असेल तर फायबरग्लासची कमान आणि रबरी टोकाचे बाण घ्या, शिंग-स्नायू-सरस लावून केलेली जुन्या पद्धतीची कमान ठाण्याच्या दमट हवेत टिकत नाही, सरस सुटतो. बंदूक दाखवायचीच असेल तर लाकडी डमी, दारू वगैरे विषयच नको.

पायरी ३: मांड

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि इथेच सगळं ठरतं. घोडबंदर रोडच्या आसपास, नवी मुंबई-पनवेलच्या बाजूला रायडिंग शिकवणाऱ्या जागा आहेत, तिथे रीतसर शिका. जागा बघताना घोड्यांच्या पाठीवर जखमा आहेत का, तंगाखाली (खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली) केस गेलेत का, खूर वेळेवर कापलेत का हे आधी बघा, फी नंतर विचारा.

चाल, दुडकी (ट्रॉट), मग कँटर (हळू दौड). कँटरमध्ये रिकिबीशिवाय (पाय ठेवायच्या कड्यांशिवाय) बसता आलं पाहिजे, आणि लगाम एका हातात धरून गोल, आठचा आकडा, थांबणं, वळणं हे सगळं उजवा हात मोकळा ठेवून जमलं पाहिजे. उजव्या हातात आधी पाण्याची अर्धी भरलेली बाटली धरा, मग झाडूची काठी. काठी हलली की तुमचा डावा हात पण हलतो का ते कोणालातरी मोबाइलवर शूट करायला सांगा. हलत असेल तर तुम्ही प्रत्येक वाराबरोबर घोड्याच्या तोंडाला झटका देताय, आणि असा घोडा थोड्या दिवसात हत्यार बघितलं की डोकं वर करून पळायला लागतो. मग लोक म्हणतात घोडा वाईट आहे.

पायरी ४: घोडा

मारवाडी, काठियावाडी, भीमथडी, यातला शांत स्वभावाचा, थोडा वयस्क घोडा सगळ्यात चांगला. रेसमधून रिटायर झालेला थरोब्रेड स्वस्तात मिळतो म्हणून नवीन माणसाने घेऊ नये, लगाम ताणला की अजून जोरात पळायचं एवढंच त्याला शिकवलेलं असतं. वरातीच्या घोड्या आवाजाला सरावलेल्या असतात हे खरं, पण एका हाताच्या लगामावर त्या वळत नाहीत आणि पळायची सवय पण नसते. कुठल्याही घोड्याच्या तोंडात काटेरी लगाम दिसला तर तो घोडा घेऊ नका, त्या लगामावर बंदी आहे आणि त्याच्या तोंडात आधीच जखमा असणार.

वजनाचा हिशोब आधी करा. स्वार, खोगीर, हत्यार सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे. आपल्याकडचा घोडा ३५०-४०० किलोचा धरला तर वरची मर्यादा ७० ते ८० किलो, आणि त्यात खोगिराचेच काही किलो जातात. म्हणजे ९० किलोच्या माणसाने चिलखत घालून वर बसायचं नाही, त्याने किल्लेदार व्हावं, तो रोल पण मोठा आहे.

पायरी ५: सरावाची हत्यारं

भाल्यासाठी भरीव बांबू घ्या, कोकणातला माणगा चांगला. सात-आठ फूट लांबी सुरुवातीला पुरे. सरळ, न तडकलेला बघून घ्या, पूर्ण वाळू द्या, पेर घासून गुळगुळीत करा. पुढे लोखंडी फाळाऐवजी जाड फोम आणि त्यावर कापडाचा गोळा. तोल जिथे साधतो तिथे पकडीला सुती दोरी गुंडाळा. मनगटात अडकवायचा पट्टा लावायचा नाही, कधीच नाही, भाला अडकला तर तो हातातून निघून गेला पाहिजे.

तलवारीसाठी आपल्या मर्दानी खेळातले फरी-गदका आहेतच की. वेताचा गदका (काठी) आणि चामड्याची फरी (ढाल), शेकडो वेळा हात फिरवायला यापेक्षा चांगलं काही नाही. लोखंडी तलवार फक्त कार्यक्रमासाठी, ती पण कड दोन-तीन मिलिमीटर जाड आणि टोक गोल केलेली. भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारी घेऊ नका, पातं मुठीत नीट बसवलेलं नसतं आणि एका झटक्यात सुटून प्रेक्षकांत जाऊ शकतं.

पायरी ६: घोड्याला हत्याराची ओळख

घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं पण नाकासमोर अगदी जवळ आणि शेपटीमागे दिसत नाही. त्यामुळे भाल्याचं टोक एका डोळ्यातून गायब होऊन दुसऱ्या डोळ्यात अचानक आलं की तो दचकतो. यात त्याची काही चूक नाही.

खाली उभं राहून सुरू करा. काठी त्याला हुंगू द्या. खांद्यावर, पाठीवर, पुठ्ठ्यावर हळू घासा, दोन्ही बाजूंनी, खरारा करताना जसा हात फिरवता तसा. घोडा ताठ झाला तर तिथेच थांबा, त्याने मान खाली केली, तोंड चावल्यासारखं केलं की काठी लांब घ्या. सैल पडला की काठी जाते, हे त्याला कळलं पाहिजे. मग हवेत फिरवा, जमिनीवर आपटा, शेला फडकवा, म्यानातून तलवार काढायचा आवाज ऐकवा. ढोल-ताशा लांबून, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून, आणि रोज थोडा जवळ. कुठल्या दिवशी तो नाही म्हणाला तर एक पायरी मागे जा, कार्यक्रमाची तारीख जवळ आलीय हे त्याला सांगून उपयोग नाही.

हे सगळं खाली जमलं की वर बसून परत पहिल्यापासून, उभ्या घोड्यावर, मग चालीत, मग दुडकीत.

पायरी ७: भाला

सगळ्यात आधी एका पिंपावर किंवा लाकडी घोडीवर खोगीर टाकून बसा आणि मित्राला समोरून रिंग घेऊन चालत यायला सांगा. तुम्ही हलायचं नाही, टोक रिंगमधून जाऊ द्यायचं. हा खेळ पोरांना पण आवडतो आणि नजर तयार होते.

मग मैदानात. भाला कायम घोड्याच्या उजव्या बाजूला, टोक घोड्याच्या कानांच्या पुढे आणि बाहेर. मानेवरून डावीकडे न्यायचा असेल तर आधी टोक वर, आकाशाकडे, मग पलीकडे, मग खाली. नजर टार्गेटवर ठेवा, टोकाकडे बघत बसलात की घोडा वाकडा जातो. रिंग खांद्याच्या उंचीला टांगा, ओढलं की सुटेल अशा कच्च्या दोऱ्याने. चालीत सलग जमेपर्यंत दुडकी नाही, दुडकीत जमेपर्यंत कँटर नाही.

रिंग जमली की नेझाबाजी, म्हणजे जमिनीत ठोकलेली लाकडी मेख पळत्या घोड्यावरून भाल्याने उचलायची. स्पर्धेत सुरुवातीच्या फेऱ्यांना मेख ६ सेंटीमीटर रुंद असते, तुम्ही सुरुवातीला दुप्पट रुंद घ्या, थर्माकोलची घेतली तरी चालेल. मेखेसाठी टोक लागतंच, त्यामुळे हा भाग फक्त शिकवणाऱ्या माणसाच्या समोर आणि रिकाम्या मैदानात. कमरेतून उजवीकडे खाली वाका, पण सगळं वजन उजव्या रिकिबीत टाकू नका, खोगीर फिरतं. तंग बसण्याआधी एकदा आणि दहा मिनिटांनी परत एकदा आवळायचा, बरेच घोडे पोट फुगवून उभे राहतात. टोक लागलं की हात ताठ धरायचा नाही, भाला मागे जाऊ द्यायचा, हात त्याच्यामागे जातो आणि मेख घेऊन टोक आपोआप मागून वर येतं. हात ताठ धरला तर पळत्या घोड्याचा सगळा धक्का खांद्यात येतो, खांदा निखळू शकतो. टोक जमिनीत रुतलं तर भाला सोडून द्या, विचार न करता.

पायरी ८: तलवार

घोडा उभा असताना तलवार उपसा आणि म्यान करा, म्यानाकडे न बघता, शंभर वेळा. म्यान कमरेला एकाच जागी बांधलं तर दुडकीत घोड्याच्या बरगडीवर आपटत राहतं, म्हणून खालून दुसरी दोरी घालून स्थिर करा.

वार कायम घोड्याच्या खांद्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला. खाली मारलेला वार मागे जाताना घोड्याच्या मागच्या मांडीवर येतो, तो सोडल्यावर हात बाहेर आणि वर गेला पाहिजे. डावीकडचे वार नवीन माणसाने करूच नयेत, मध्ये घोड्याची मान, लगाम, स्वतःचा हात सगळंच येतं. टार्गेट म्हणून आधी कागदाची सुरळी खांबावर उभी करा, गदक्याने पाडा. नंतर दोऱ्याला टांगलेलं लिंबू. कापायला धारदार तलवार लागते आणि ती गर्दीत चालणार नाही, म्हणून कार्यक्रमात लिंबाऐवजी फुगा किंवा मडकं घ्या.

दोन स्वार समोरासमोर आणायचे असतील तर मधे दोरी लावून लेन करा, उजवा हात उजव्या हाताकडे, मधे किमान दोन-तीन मीटर. चालीत किंवा फार तर हळू दुडकीत. तलवारी एकमेकींना लागतायत असं दिसलं पाहिजे, लागल्या नाही पाहिजेत, आवाज ताशेवाला काढेल. भाला माणसाच्या दिशेने कधीच धरायचा नाही, फोम असला तरी, पळता घोडा आणि स्वार मिळून साडेचारशे किलो वजन त्या टोकामागे असतं. शत्रू म्हणून गवताचे पुतळे भरपूर करा, त्यांना मुघली अंगरखे घाला, लोकांना तेवढंच पुरतं.

कपडे

पगडीच्या आत रायडिंग हेल्मेट. कमी उंचीचं मिळतं, त्यावर मंदिल गुंडाळला की लांबून कळत नाही. मोजडी घालून रिकिबीत पाय घालू नका, टाच नसलेला पाय आरपार जातो आणि पडलात तर फरफटत जाता, त्यामुळे टाचेचा बूट आणि त्यावर कापड शिवून घ्या. शेल्याची टोकं आत खोचा. धनुर्वाताचं इंजेक्शन तुमचंही आणि घोड्याचंही झालेलं असू दे, घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो.

परवानगी, जागा

शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम तलवार, कट्यार, भाला सगळ्याला लागू होतात, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलं की ते शस्त्रात मोडतं. धार नाहीये असं सांगून प्रत्येक वेळी सुटका होत नाही कारण धार नंतर लावता येते. शिवाय ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही पोलीस आयुक्तालयांचे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघतात, त्यात तलवारी, भाले, लाठ्या घेऊन फिरायला बंदी असते. म्हणून आधी स्थानिक पोलीस स्टेशनला लेखी अर्ज, हत्यारांची यादी, फोटो, कुठली लाकडी कुठली बोथट, जबाबदार माणसाचं नाव. परवानगीची प्रत सगळ्यांकडे हवी. नेताना बॅगेत बंद करून, खासगी गाडीतून. लोकलने उघड्या तलवारी घेऊन जायचं नाही.

घोड्याचा खेळ प्रेक्षकांसमोर होणार असेल तर प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० आणि २००१ चे परफॉर्मिंग ॲनिमल्सचे नियम लागतात, म्हणजे प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी. घोडेवाल्याकडे ती आहे का ते आधी विचारा.

येऊरला फोटोशूट करायची हौस सगळ्यांना, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे हत्यार घेऊन जाणं हा वन्यजीव कायद्याचा भंग. ठाण्याचा किल्ला, जो मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला, तिथे आज जेल आहे, तोही विषय संपला. मैदान महापालिकेचं किंवा सिडकोचं रीतसर बुक करा, खाली माती किंवा वाळू हवी. काँक्रीट आणि डांबरावर नाल मारलेला घोडा घसरतो, त्यावर फक्त चाल, पळवायचं नाही.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. पाडव्यापर्यंत ऊन चढतं, तेव्हा यात्रेत घोड्याला सावली आणि पाणी दर थांब्यावर. खेळ झाल्यावर लगेच बांधून ठेवू नका, तंग सैल करून वीसेक मिनिटं चालवा, अंगावर पाणी ओता, पाय चाचपून बघा, मग तोबरा (दाण्याची पिशवी).

जूनच्या आधी हत्यारं पुसून मशीनचं तेल लावा आणि म्यानातून बाहेर काढून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, म्यानाच्या आतलं मखमल आणि चामडं पावसाळाभर ओल धरून ठेवतं. भाले भिंतीला तिरके टेकवून ठेवू नका, बांबू वाकतो, दोन खुंट्यांवर आडवे ठेवा आणि महिन्यातून एकदा फिरवा.